जळगाव–धुळे लाईनवरचा आवाज

इथले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतोय. लिहायला हात धजत नव्हता, कारण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात नवस, अंगारे, भूतबाधा यांना थारा नव्हता. वडील चाळीसगावला रेल्वेत होते. गल्लीत कुणी म्हणालं की अमक्याला पिंपळाखाली काहीतरी दिसलं, तर ते शांतपणे विचारायचे, "आधी तो काय पिऊन आला होता ते सांगा." अशा माणसाचा मी मुलगा, आणि पुढे सगळी नोकरी कॉम्प्युटरवर गेली. तरीही एक दुपार अशी आहे... जी कुठेच बसवता येत नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी जळगावला एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात होतो — बँकेचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. आमचा ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरचा विभाग, ही काचेची एक खोली. एसी चालू, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि मधोमध सर्व्हर. एका उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि सगळं पाणी आमच्या खोलीत उतरलं. सर्व्हर बंद पडला, बॅकअपच्या टेपासुद्धा ओल्या झाल्या. बाहेर पेन्शनवाली म्हातारी माणसं रांगेत, आणि आमच्याकडे त्यांना सांगायला काही नाही. काही दिवस फार वाईट गेले. त्यानंतर संचालक मंडळाने ठरवलं की अगदी तसाच दुसरा सर्व्हर धुळे शाखेत बसवायचा. रोज दुपारी काउंटर बंद झाला की जळगावचं दिवसभराचं काम लाईनवरून धुळ्याला पाठवायचं. उद्या जळगाव बुडालं, जळालं, काही झालं, तरी धुळ्याने काम उचलायचं.

मशिन बसवायला पुण्याहून इंजिनियर आला होता. तो म्हणाला, "याला पेअरिंग म्हणतात. जळगावच्या मशिनला धुळ्याचं नाव सांगायचं, धुळ्याच्या मशिनला जळगावचं. एकाच बाजूने सांगून जोडी लागत नाही." त्यासाठी टेलिफोन खात्याकडून खास लाईन घेतली होती. ती एक्स्चेंजच्या नंबरांत नव्हतीच. एक टोक आमच्या खोलीत, दुसरं धुळ्याच्या खोलीत, बस. दोन्ही टोकांना मोडेमजवळ एकेक हँडसेट होता. इकडे बटण दाबलं की तिकडे बझर वाजायचा. त्याच्यावर बाहेरचा कुणीही माणूस बोलू शकत नसे. हे नीट सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर आहे.

धुळ्याच्या टोकाला करुणा होती. माझी बायको.

आम्ही दोघं एकाच बँकेत, एकाच विभागात. लग्न जमवलं ते माझ्या मोठ्या बहिणीने. ही अक्का पारोळ्याला असायची, अंगणवाडीत शिकवायची. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. करुणा मूळची धुळ्याची, आईबापांची एकुलती एक. आई तिच्या लहानपणीच गेलेली. वडील — आबा — एसटीतून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं, पण आमचं बरं चाललं होतं असं मला तरी वाटत होतं.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याच सुमारास धुळ्याच्या सर्व्हरसाठी माणूस हवा असल्याची नोटीस निघाली. करुणाने अर्ज केला. मला ते मंजुरी आल्यावर कळलं, रात्री जेवताना.

"मला विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"आबांना इकडे आणू की."

"त्यांना घर सोडवत नाही. मी बोलून बघितलंय."

"आणि धुळ्याचं मशिन म्हणजे नुसती स्टेपनी, करुणा. रोज तिथे बसून करायचं काय? त्यासाठी घर सोडणार तू?"

ती ताट उचलता उचलता म्हणाली, "स्टेपनी नसलेल्या गाडीत तुम्ही बसाल का लांबच्या प्रवासाला?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सहा महिने म्हणून गेली होती, पण आबांचं काही सुधारलं नाही. आधी ती शनिवारी यायची, मग मी जायचो, मग दोघांचंही जाणं-येणं विरळ झालं. घर तिने सोडलं, तेव्हा यायचं तिने — असं मी मनाशी धरून बसलो होतो. ती काय धरून बसली होती ते मी कधी विचारलं नाही. आबा गेले तेव्हा मी बँकेतल्या लोकांबरोबर जीपने गेलो आणि संध्याकाळी त्यांच्याच बरोबर परत आलो. एक रात्र थांबलो नाही. आबा गेल्यावर ती आपणहून जळगावला येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही. सासऱ्याच्या मातीला जाऊन जो माणूस त्याच जीपने परत फिरतो, त्याच्याकडे कशाला येईल?

मात्र रोज दुपारी आम्ही बोलायचो. बोलावंच लागायचं. मी बटण दाबायचो, ती उचलायची.

"जळगाव तयार."

"धुळे तयार."

"पाठवतोय."

"आलं."

एवढंच. लाईनवर कायम खरखर असायची, त्यामुळे हे चार शब्दही ओरडून बोलावे लागायचे. शेजारी वाणीभाऊ बसायचे, आमच्या विभागातले सगळ्यात ज्येष्ठ. ते तेवढ्यापुरते उठून पाणी प्यायला जायचे. रोज. कधी काही बोलले नाहीत.

आता ती दुपार. पोळ्याचा आदला दिवस होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, काउंटर अजून चालू होता, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्याची वेळ झालेली नव्हती. मी एक प्रिंटआउट तपासत होतो आणि बझर वाजला. म्हणजे... मला ऐकू आला. मी हँडसेट उचलला.

"अहो..."

करुणाचा आवाज. खरखर अजिबात नाही. शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ.

"अहो, मी थकले आता. पारोळ्याला या ना, अक्कांकडे. मीही निघतेय."

"काय झालं? करुणा? बरं वाटत नाहीये का?"

पुढे काहीच आलं नाही. ठेवल्याचा आवाजही नाही. मी बटण दाबून पाहिलं, कुणी उचललं नाही. निघाली असेल म्हटलं. मोडेमच्या दिव्यांकडे पाहायचं मला सुचलंही नाही.

"वाणीभाऊ, मी जरा पारोळ्याला जाऊन येतो. आजचं तेवढं तुम्ही पाठवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा. इकडची काळजी करू नको."

धुळ्याची बस लगेच मिळाली. एरंडोलच्या बाजारात बैलांचे गोंडे, घुंगरं, रंगीत दोऱ्या यांची दुकानं रस्त्यापर्यंत आलेली. त्याच्या पुढे रस्ता खोदलेला होता, एकाच बाजूने गाड्या सोडत होते. खड्ड्यात काही माणसं उभी होती. बस तिथे खोळंबली आणि मी खिडकीतून त्या माणसांवर चरफडत होतो. डोक्यात एकच — ती थकले म्हणाली. करुणा असं कधी म्हणत नसे. तापातसुद्धा म्हणत नसे. अक्काच्या घरी काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. पोळ्यानंतर आठवडाभर रजा काढू, धुळ्याचं घर आवरू, हवं तर मीच धुळ्याला बदली मागतो... हे सगळं मी त्या बसमध्ये ठरवलं होतं. त्याला आता काय किंमत आहे म्हणा.

अक्काच्या दारात करुणाच्या चपला होत्या.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मिरच्या निवडत होती. वाळली होती. चष्मा लागला होता, तो मला माहीतच नव्हता. मला बघून उठली, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "बसला गर्दी होती का हो?" इतका साधा प्रश्न, पण मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अक्का तर नुसती हसत होती. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायला पीठ मळून ठेवलं होतं. चुलीवर शेवभाजीचा रस्सा उकळत होता. तिच्याकडे फोन नव्हता, आम्ही येणार हे तिला करुणा दारात उभी राहिल्यावरच कळलं होतं.

चहा झाला. मग मी म्हणालो — आणि मी फार प्रेमाने म्हणालो होतो — "एवढी थकली होतीस तर आधी का नाही सांगितलंस?"

"कोण थकलंय?"

"तूच म्हणालीस ना फोनवर. थकले, पारोळ्याला या."

तिचा हात थांबला. "मी फोन केला? तुम्ही केलात ना."

"मी नाही केला. तुझा आला. जेवणाची सुट्टी संपल्यावर."

"तुमचा आला, तेव्हाच. मी डबा घासत होते. तुम्ही म्हणालात..." ती अक्काकडे बघून अडखळली, मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात, करुणा, माझं चुकलं. पारोळ्याला ये, मी निघतोय."

मी म्हणालो, "मी असं काही म्हणालो नाही."

मित्रांनो, हे एक वाक्य. त्या वाक्याच्या जागी मी नुसतं गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. 'माझं चुकलं' हे माझ्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. आबांच्या घरून परतताना जीपमध्ये आलं होतं, बसमध्येही आलं होतं. पण मी ते तोंडाने बोललो नव्हतो, आणि न बोललेलं माझ्या नावावर लावलं जातंय याचाच मला राग आला. मला वाटलं, फोन हिनेच केला आणि आता माघार नको म्हणून माझ्यावर ढकलतेय.

तिलाही नेमकं तेच वाटलं असणार. तिचा चेहरा माझ्यासमोर मिटत गेला.

"मग मीही काही म्हणाले नाही," ती म्हणाली. "मी कशाला थकेन? माझं छान चाललंय."

"छान चाललंय तर आलीस कशाला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून!"

"मी बोलावलं नाही!"

अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. रागावली की ती नेहमी अहिराणीत बोलायची. "कोनी बी करा व्हई फोन! दोन्हीजन उनात ना? मंग आते कसाले भांडतस?" फोन कुणी का केला असेना, दोघं आलात ना, असं तिचं म्हणणं.

"अक्का, ही खोटं बोलतेय."

"खोटं मी बोलतेय?" करुणा उठली. तिने पिशवी घेतली, अक्काच्या पाया पडली. अक्का तिचा हात धरून म्हणत होती, "जेवाले बस वं माय, भाकरी व्हई जाईन आते..." पण ती थांबली नाही. आणि मी तिला थांबवलं नाही. उलट तिच्या आधी स्टँडवर पोचायचं म्हणून मागच्या गल्लीने गेलो. काय मिळवायचं होतं मला, कुणास ठाऊक.

पारोळ्याला स्टँडवर ती धुळ्याच्या बसच्या बाजूला उभी, मी जळगावच्या. मधे फुटाण्यांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या. माझी बस आधी लागली. चढताना एकदा मागे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी चढलो.

दुसऱ्या दिवशी वाणीभाऊ म्हणाले, "काल लाईनच लागली नाही रे. डेटा गेलाच नाही." मी म्हटलं, आमच्या बोलण्यानंतर गेली असेल. पुढे विचारलं नाही.

त्यानंतर आमच्यात उरलं ते फक्त काम. 'जळगाव तयार, धुळे तयार' सुद्धा तिने दुसऱ्या कारकुनाकडे दिलं. वर्षभरात परस्पर संमतीने घटस्फोट झाला. कोर्टात दोघांनी शांतपणे सह्या केल्या. तिने नोकरी सोडली. पुढे नाशिकला एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं, चांगला माणूस आहे म्हणतात.

हे सगळं होऊन गेल्यावर, एकदा लाईन पुन्हा बिघडली म्हणून टेलिफोन खात्याचे रफिकभाई आले होते. काम झाल्यावर खाली चहाला गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, "साहेब, तुमच्या या लाईनने मला एकदाच फार छळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी. एरंडोलच्या पुढे रस्तावाल्यांनी सकाळी-सकाळीच केबल तोडली. पूर्ण तोडली, बरं का. दिवसभर खड्ड्यात उभा होतो मी. अंधार पडायला आला तेव्हा जोडली."

"सकाळी?" मी विचारलं. "दुपारी नाही?"

"सकाळी! माझा नाश्तासुद्धा राहिला होता."

मी बसमधून ज्यांच्यावर चरफडलो ती हीच माणसं. माझी बस त्या तुटलेल्या केबलजवळून गेली होती. रफिकभाईंना मी परत परत विचारलं — दुसऱ्या मार्गाने बोलणं येऊ शकतं का, क्रॉस कनेक्शन, काहीही? ते म्हणाले, "साहेब, मधे एक्स्चेंजच नाही तर क्रॉस कुठून होईल? तार तुटली की तुमचा हँडसेट म्हणजे खेळण्यातला फोन."

वर जाऊन वाणीभाऊंना विचारलं, "त्या दिवशी बझर वाजला होता ना?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी काही ऐकला नव्हता. तू एकदम हँडसेट उचललास आणि बोलायला लागलास. मला वाटलं, तूच तिला लावलास. बरं वाटलं होतं मला."

करुणाला कळवावं असं तेव्हा फार वाटलं. पण ती नव्या घरी सुखात होती. कुठल्या तोंडाने कळवणार?

मधे बरीच वर्षं गेली. अक्का गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पारोळ्यात करुणा आली. केस पांढरे झाले होते. कार्यक्रम संपल्यावर अंगणात खुर्च्या उचलत होते, तिथे आम्ही दोघं जरा बाजूला बसलो. मी तिला रफिकभाईंचं सांगितलं. वाणीभाऊंचंही.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. मग म्हणाली, "धुळे शाखेतल्या आमच्या शिपाई शांताबाईसुद्धा म्हणाल्या होत्या. मॅडम, बझर वाजलाच नव्हता. मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं." हळूच म्हणाली, "म्हणजे आपल्यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं."

"नाही."

"मला वाटायचं, तुम्ही म्हणालात आणि अक्कांसमोर फिरवलंत. ते जास्त लागलं होतं मला."

"आणि तू... थकली होतीस का गं तेव्हा?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "आबा गेल्यावर त्या घरात रोज संध्याकाळी दिवा लावताना वाटायचं, आता नको. पण ते मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला तर नाहीच."

तिचा मुलगा गाडी घेऊन आला. तिने मला बीपीची गोळी वेळेवर घेता का म्हणून विचारलं, मुलाशी ओळख करून दिली — "हे आमच्या बँकेतले" — आणि ती गेली.

तर असं आहे. भास म्हणावा तर दोघांना, दोन गावांत, एकाच वेळी? आणि मी तिचं ऐकलं ते तिने कधी उच्चारलं नव्हतं, तिने माझं ऐकलं ते मी कधी उच्चारलं नव्हतं... पण खोटं दोन्हीतलं एकही नव्हतं. कुणाला यामागचं विज्ञान माहीत असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने वाचेन. मी स्वतः खूप शोधलं, मला सापडलं नाही. फक्त आता या वयात, आवाज कुणाचा होता हा प्रश्न मला तितकासा छळत नाही. ती स्टँडच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी तरीही बसमध्ये चढलो — याचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजून नाही.